काउबॉय नेमबाजीतील पुनरावर्ती कार्बाइन

काउबॉय नेमबाजीतील पुनरावर्ती कार्बाइन ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत प्रचलित असलेल्या, एकदा भरल्यावर अनेक गोळ्या झाडू शकणाऱ्या आखूड नळीच्या बंदुकीची आधुनिक प्रतिकृती होय. ती मुख्यत्वे 'काउबॉय ॲक्शन शूटिंग' या क्रीडाप्रकारात वापरली जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात उदयास आलेल्या या प्रकारात स्पर्धक पश्चिम अमेरिकेतील वसाहतकाळाचा पोशाख करून, त्या काळच्या धाटणीची शस्त्रे घेऊन, पोलादी लक्ष्यांवर वेळ लावून नेम साधतात. दोन रिव्हॉल्वर, एक शॉटगन आणि एक पुनरावर्ती रायफल किंवा कार्बाइन असा प्रत्येकाचा शस्त्रसंच असतो.

या स्पर्धांत मूळ जुन्या बंदुका वापरण्यास मुभा असली, तरी प्रत्यक्षात बहुसंख्य स्पर्धक इटली, ब्राझील किंवा जपान येथे तयार झालेल्या प्रतिकृतीच वापरतात. मूळ बंदुका शंभर-सव्वाशे वर्षांच्या असून संग्राहकांमुळे महाग झाल्या आहेत, आणि वर्षाला हजारो गोळ्या झाडण्याचा ताण त्यांच्यावर टाकणे कोणाला परवडत नाही. प्रतिकृती दिसायला मूळ बंदुकीसारखी असली, तरी पोलाद, काडतूस आणि आतील यंत्रणा या बाबतींत ती बऱ्याचदा वेगळी असते. हा फरक कोठपर्यंत चालवून घ्यायचा, हा या क्रीडाप्रकारातील सर्वांत जुना आणि अजूनही न मिटलेला वाद आहे.

संज्ञा

भारतीय वाचकाला 'कार्बाइन' हा शब्द प्रामुख्याने पोलीस आणि सैन्याच्या ९ मिमी स्वयंचलित शस्त्रामुळे परिचित आहे. प्रस्तुत लेखात तो त्या अर्थाने आलेला नाही. कार्बाइन म्हणजे मुळात घोडेस्वारासाठी बनवलेली, पायदळाच्या बंदुकीपेक्षा आखूड आणि हलकी बंदूक. अमेरिकी विंचेस्टर कंपनीच्या वर्गीकरणात २४ इंची, बहुधा अष्टकोनी नळीच्या बंदुकीला रायफल, २० इंची गोल नळीच्या बंदुकीला कार्बाइन आणि ३० इंची नळीच्या लष्करी नमुन्याला मस्केट म्हणत. कार्बाइनच्या डाव्या अंगाला खोगिराला अडकवण्यासाठी एक लोखंडी कडी असे. ही कडी आजच्या प्रतिकृतींतही हौसेने बसवली जाते. घोड्यावर न बसणाऱ्या स्पर्धकाला तिचा उपयोग काहीच नसतो, उलट ती खुळखुळते म्हणून अनेक जण तिला चामड्याची वादी गुंडाळतात.

'पुनरावर्ती' म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने नवे काडतूस न घालता, तरफ किंवा अन्य यंत्रणा चालवून पुढचे काडतूस आत घेता येणारी बंदूक. ती स्वयंचलित नव्हे. प्रत्येक बारासाठी तरफ एकदा उघडून मिटावी लागते. या लेखात बोटाने ओढण्याच्या भागाला चाप आणि काडतुसावर आघात घडवणाऱ्या भागाला घोडा असे म्हटले आहे, कारण मराठी लेखनात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात.

मूळ बंदुका

तरफेच्या पुनरावर्ती बंदुकीचा वंश १८५५ मध्ये स्थापन झालेल्या व्होल्कॅनिक रिपीटिंग आर्म्स या अल्पजीवी कंपनीपर्यंत पोहोचतो. तिच्या संस्थापकांत पुढे रिव्हॉल्वरमुळे प्रसिद्ध झालेले होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन होते. कंपनी डबघाईला आल्यावर शर्टचे कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर यांनी तिची मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री यांनी व्होल्कॅनिकच्या यंत्रणेला .४४ व्यासाच्या धातूच्या काडतुसाची जोड दिली आणि १६ ऑक्टोबर १८६० रोजी तिचे एकस्व मिळवले. हीच हेन्री रायफल. अमेरिकी यादवी युद्धात केंद्र सरकारने अशा सुमारे १,७०० बंदुका विकत घेतल्या. सैनिकांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या बंदुकांची संख्या त्याहून बरीच मोठी होती. एकंदर उत्पादन सुमारे १४,००० होते.

हेन्रीच्या रचनेत एक ठळक उणीव होती. तिची काडतुसांची नळी बंदुकीच्या नळीखाली असून ती पुढच्या टोकाकडून भरावी लागे, आणि तळाला उभी फट असल्याने आत माती व कचरा जाई. काडतुसे मागे ढकलणाऱ्या दट्ट्याचा एक कान या फटीतून बाहेर डोकावतो आणि प्रत्येक बाराबरोबर मागे सरकतो. बंदूक धरलेल्या डाव्या हाताला तो आडवा येतो, त्यामुळे काही बार झाल्यावर हात उचलून पुन्हा धरावा लागतो. आजच्या स्पर्धेत हेन्रीची प्रतिकृती वापरणारे स्पर्धक ही 'उडी' सरावाने बसवतात, किंवा काडतुसांच्या मागोमाग लाकडाचा एक छोटा दांडा नळीत सोडतात, म्हणजे कान हातापर्यंत पोहोचत नाही. हेन्रीला पुढे लाकडी हातपकडही नाही, त्यामुळे सलग फेऱ्यांनंतर तापलेल्या नळीसाठी हातमोजा लागतो.

१८६६ च्या नमुन्यात या दोन्ही उणिवा दूर झाल्या. नेल्सन किंग यांनी चौकटीच्या उजव्या बाजूला स्प्रिंगचे झाकण असलेले भरणदार ठेवले. नळी पुढून बंद झाली आणि तिच्याखाली लाकूड बसवता आले. चौकट काशासारख्या मिश्रधातूची, पिवळी झळाळी असलेली होती, म्हणून ही बंदूक 'यलो बॉय' या नावाने ओळखली जाते. विंचेस्टर हे नाव धारण करणारी ही पहिली बंदूक. ती सुमारे १,७०,००० इतक्या संख्येने बनली.

१८७३ चा नमुना या क्रीडाप्रकाराचा खरा नायक मानावा लागेल. लोखंडी, पुढे पोलादी चौकट आणि .४४-४० हे मध्याघाती काडतूस ही त्याची वैशिष्ट्ये. काडतुसाच्या नावातील पहिला आकडा गोळीचा व्यास इंचांत, तर दुसरा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये दर्शवतो. कोल्ट कंपनीने १८७८ पासून आपले रिव्हॉल्वरही याच काडतुसासाठी विक्रीस आणले, त्यामुळे कमरेच्या एकाच पट्ट्यातील काडतुसे दोन्ही शस्त्रांना चालू लागली. दुर्गम भागात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सोय मोठी होती, आणि काउबॉय नेमबाजीतही रिव्हॉल्वर व कार्बाइन एकाच काडतुसाचे ठेवण्याची प्रथा येथूनच आली. १८७३ च्या नमुन्याच्या सुमारे ७ लाख २० हजार बंदुका तयार झाल्या.

या तिन्ही बंदुकांत बोल्टला मागून आधार देणारी, माणसाच्या गुडघ्याप्रमाणे दुमडणारी जोडकड्यांची यंत्रणा आहे. गुडघा सरळ असताना बोल्ट जागेवर राहतो; तरफ पुढे ढकलली की गुडघा दुमडतो, बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी वर फेकली जाते, घोडा चढतो आणि पितळी ठोकळा नवे काडतूस सरळ वर उचलतो. तरफ मागे घेताना बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये सारतो. काडतूस उतरत्या फळीवरून न घसरता आडव्या स्थितीतच वर येत असल्याने हालचाल अत्यंत गुळगुळीत होते. मात्र ही रचना बोल्टला चौकटीत खऱ्या अर्थाने अडकवत नाही. अधिक शक्तिशाली काडतुसांसाठी ती अपुरी ठरली, आणि जॉन ब्राउनिंग यांनी १८८६ च्या नमुन्यात दोन उभ्या पोलादी पट्ट्यांनी बोल्ट अडकवण्याची पद्धत आणली; तीच पुढे १८९२ च्या नमुन्यात आली. १८९२ ची बंदूक आधीच्यांपेक्षा हलकी, सडपातळ आणि कितीतरी मजबूत होती. तिचे उत्पादन दहा लाखांच्या वर गेले.

यादवी युद्धात घोडदळाची खरी पुनरावर्ती कार्बाइन मात्र क्रिस्टोफर स्पेन्सर यांची होती. तिच्या दस्त्यातील नळीत सात काडतुसे मावत. तरफ चालवल्याने तिचा घोडा आपोआप चढत नाही, तो अंगठ्याने वेगळा चढवावा लागतो. तिच्या इटालियन प्रतिकृती मिळतात, परंतु हा जादा श्रम आणि सातच काडतुसांची क्षमता यांमुळे वेगाच्या स्पर्धेत ती क्वचितच दिसते.

येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. युद्धानंतर अमेरिकी घोडदळाने स्पेन्सर टाकून एकबारी स्प्रिंगफील्ड कार्बाइन स्वीकारली. २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रदेशातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर यांच्या तुकडीकडे याच एकबारी कार्बाइनी होत्या, तर समोरच्या लाकोटा आणि शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि १८६६ च्या विंचेस्टर होत्या. १९८३ मध्ये रणभूमीवरचे गवत वणव्यात जळल्यानंतर झालेल्या पुरातत्त्वीय पाहणीत सापडलेल्या पुंगळ्यांनी याला दुजोरा दिला. पुनरावर्ती कार्बाइनची लोकप्रिय प्रतिमा निळ्या गणवेशातील सैनिकाशी आणि गोऱ्या काउबॉयशी जोडलेली असली, तरी तिचा सर्वांत परिणामकारक वापर त्या दिवशी मूलनिवासी योद्ध्यांनी केला होता. काउबॉय नेमबाजीच्या वेशभूषेत ही बाजू फारशी दिसत नाही.

प्रतिकृतींचा उगम

प्रतिकृतींच्या उद्योगाची सुरुवात यादवी युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नेव्ही आर्म्स या अमेरिकी कंपनीचे व्हॅल फोर्जेट यांनी उत्तर इटलीतील ब्रेशिया प्रांतात कोल्टच्या १८५१ च्या रिव्हॉल्वरच्या प्रतिकृती बनवून घेतल्या. ब्रेशियाजवळच्या त्रोम्पिया खोऱ्यात बंदुका घडवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. याच खोऱ्यातील गार्दोने येथे आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे १८६६, १८७३ आणि हेन्री या नमुन्यांच्या प्रतिकृतींचा सर्वांत मोठा उत्पादक ठरला. आज तो बेरेटा समूहाचा भाग आहे. स्पेन्सर आणि १८९२ यांच्या प्रतिकृती त्याच परिसरातील चियाप्पा बनवते. ब्राझीलमधील रॉसी कंपनीची १८९२ ही त्या नमुन्याची स्वस्त आणि टिकाऊ प्रतिकृती म्हणून नवख्यांमध्ये प्रिय आहे.

खुद्द विंचेस्टरचा न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद पडला. २०१३ पासून त्या नावाने विकली जाणारी १८७३ जपानमधील मिरोकू कंपनी तयार करते. त्यामुळे आज 'अस्सल' विंचेस्टर नावाची १८७३ जपानी आहे आणि तिची इटालियन 'नक्कल' तिच्यापेक्षा कित्येक दशके आधीपासून बाजारात आहे. मूळ आणि प्रतिकृती यांतील सीमारेषा किती धूसर झाली आहे, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

इटलीत बनलेली प्रत्येक बंदूक विक्रीपूर्वी गार्दोने येथील राष्ट्रीय चाचणी संस्थेत जादा दाबाच्या काडतुसाने तपासली जाते आणि तिच्यावर चाचणीची मुद्रा व वर्षाचा संकेत उमटवला जातो. जुनी प्रतिकृती विकत घेणारे या संकेतावरून तिचे वय ठरवतात. ही चाचणी नळीवर कोरलेल्या काडतुसापुरतीच असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

काडतुसांतील विसंगती

बाह्यरूपात चोख असलेली प्रतिकृती काडतुसाच्या बाबतीत मात्र बहुधा इतिहासाला धरून नसते. १८६६ ची मूळ बंदूक .४४ हेन्री या कडाघाती काडतुसाची होती. ते आता बनत नाही, म्हणून प्रतिकृती .३८ स्पेशल, .४४-४० किंवा .४५ कोल्ट यांसाठी येते. .४५ कोल्ट हे रिव्हॉल्वरचे काडतूस १८७३ इतकेच जुने आहे, पण एकोणिसाव्या शतकात कोणत्याही प्रमुख कारखान्याने त्यासाठी तरफेची बंदूक बनवली नाही. त्याची तळाची कडा इतकी अरुंद होती की पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला ती नीट सापडत नसे, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. आजच्या पुंगळीत आकड्यासाठी खाच असते, म्हणून ही जोडी जमते. .३८ स्पेशल शतकाच्या अगदी अखेरीचे, तर .३५७ मॅग्नम थेट १९३५ चे. तरीही स्पर्धेत सर्वाधिक दिसते ते .३८ स्पेशलच, कारण त्याचा धक्का कमी, शिसे कमी आणि खर्चही कमी.

मुख्य सामन्यात केवळ शिशाच्या गोळ्या चालतात. तांब्याचे आवरण किंवा मुलामा असलेल्या गोळ्यांना मनाई आहे. पोलादी लक्ष्य जवळ असते आणि मऊ शिसे त्यावर चपटे होऊन खाली गळते, तर कठीण आवरणाचा तुकडा परत येऊ शकतो. गोळीच्या वेगावरही कमाल मर्यादा आहे: रायफलसाठी सेकंदाला १,४०० फूट आणि रिव्हॉल्वरसाठी १,००० फूट.

काडतुसाची लांबीही जपावी लागते. १८७३ च्या घराण्यात उचलठोकळ्यावर नेमके एकच काडतूस बसते. ते लांब झाले तर ठोकळा अडकतो, फार आखूड झाले तर मागचे काडतूस त्यात घुसू पाहते. बहुतेक स्पर्धक आपली काडतुसे घरी स्वतः भरतात आणि आपल्या बंदुकीला मानवणारी लांबी प्रयोगाने ठरवतात.

स्पर्धेचे स्वरूप

१९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियातील काही नेमबाजांनी, जुन्या वेस्टर्न चित्रपटांच्या प्रेमापोटी, आधुनिक लढाऊ नेमबाजीच्या धर्तीवर पण जुन्या शस्त्रांनी स्पर्धा घेण्यास सुरुवात केली. 'एंड ऑफ ट्रेल' ही त्यांची वार्षिक स्पर्धा पहिल्यांदा १९८२ मध्ये झाली. १९८७ मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था स्थापन झाली आणि नियमांना एकसूत्रता आली. सदस्याला एक टोपणनाव नोंदवावे लागते, ते जुन्या पश्चिमेतील व्यवसाय, व्यक्ती किंवा कथापात्र यांना साजेसे असावे आणि दुसऱ्या कोणाचे नसावे. मैदानावर सर्व जण एकमेकांना याच नावांनी हाक मारतात. वर्षानुवर्षे सोबत खेळणाऱ्यांना एकमेकांची खरी नावे ठाऊक नसणे हे काही नवल नाही.

सामना अनेक फेऱ्यांचा असतो. प्रत्येक फेरीला छोटे कथानक असते, जसे बँकेवरील दरोडा किंवा लुटली जाणारी टपालगाडी, आणि त्यासाठी लाकडी दर्शनी भागांचा देखावा उभारलेला असतो. नेहमीच्या फेरीत प्रत्येक रिव्हॉल्वरच्या पाच, कार्बाइनच्या दहा आणि शॉटगनच्या चार किंवा अधिक गोळ्या ठरवून दिलेल्या क्रमाने झाडायच्या असतात. कार्बाइनची लक्ष्ये जवळ आणि मोठी असतात. ऑलिंपिक नेमबाजीशी परिचित वाचकाला ती हास्यास्पद सोपी वाटतील. कस लागतो तो वेगाचा. निष्णात स्पर्धक तरफेच्या बंदुकीच्या दहा गोळ्या दोन-तीन सेकंदांत झाडतात, आणि त्या गतीने बंदूक एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नेताना चूक व्हायला निमिषही पुरते. प्रत्येक चुकलेल्या गोळीसाठी एकूण वेळेत पाच सेकंद आणि क्रमातील चुकीसाठी दहा सेकंद मिळवले जातात. गोळी लागली की नाही हे तीन निरीक्षक ठरवतात. दोघांचे एकमत पुरेसे असते. पोलादावर शिसे आदळल्याचा टणत्कार ऐकून निर्णय देणे हीच येथील मुख्य पद्धत आहे.

कार्बाइन भरणे हे वेगळ्या मेजावर, देखरेखीखाली होते. दहा काडतुसे नळीत घालून चेंबर रिकामे आणि घोडा उतरवलेला ठेवावा लागतो. पहिले काडतूस फेरी सुरू झाल्यावरच आत घेता येते. झाडून झाल्यावर तरफ उघडी ठेवून, नळीचे तोंड लक्ष्यांकडे करून बंदूक खाली ठेवायची. चेंबरमध्ये किंवा ठोकळ्यावर काडतूस वा पुंगळी राहिल्यास दंड होतो. बंदुकीचे तोंड १७० अंशांच्या कक्षेबाहेर गेल्यास स्पर्धक फेरीतून बाद होतो.

वेग आणि अस्सलपणा

१८७३ च्या जोडकड्यांचे कोन बदलले की तरफेचा प्रवास लक्षणीय घटतो. असे बदललेले सुटे भाग 'शॉर्ट स्ट्रोक' या नावाने मिळतात आणि काही कारखाने ते बसवूनच बंदूक विकतात. नियमांनी हा बदल मान्य केला आहे, कारण तो बाहेरून दिसत नाही. याउलट १८९२ मध्ये अशा बदलाला वाव फारसा नाही. परिणामी रचनेने जुनी आणि दुबळी ठरलेली १८७३ स्पर्धेत तिच्या उत्तराधिकारिणीपेक्षा वेगवान झाली, आणि अग्रक्रमाच्या स्पर्धकांत तीच सर्वत्र दिसते. १८९२ वापरणाऱ्यांची यावर तक्रार असते. हा बदल मुक्तपणे करू दिल्याने नियमांचा कल एका नमुन्याकडे झुकला, हा त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

वादाची दुसरी बाजू काडतुसांच्या शक्तीची आहे. धक्का कमी व्हावा म्हणून काडतुसे इतकी हलकी भरली जाऊ लागली की गोळीचा किमान वेग आणि किमान आघात नियमाने ठरवावा लागला. इतिहासाशी अधिक प्रामाणिक राहू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळे वर्ग आहेत, आणि नॅशनल काँग्रेस ऑफ ओल्ड वेस्ट शूटिस्ट्स ही वेगळी संघटना पोशाख व शस्त्रे यांच्या ऐतिहासिक अचूकतेवर मुख्य संस्थेपेक्षा अधिक भर देते.

चित्रपटांनी या गोंधळात भरच घातली. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेन यांनी हातात गरगर फिरवलेली मोठ्या कडीची कार्बाइन १८९२ ची होती, तर कथा त्याच्या आधीच्या काळातील आहे. हॉलिवूडने १८७० आणि १८८० च्या दशकांतील कथांत १८९२ सर्रास वापरली, कारण ती स्वस्त, मुबलक आणि कोऱ्या काडतुसांसह भरवशाची होती. स्पर्धेतील नियम हे मान्य करतात: ऐतिहासिक व्यक्तीप्रमाणेच चित्रपटातील पात्राचा वेशही चालतो. या खेळाने इतिहासाइतकेच, किंबहुना अधिक, चित्रपटाला आपले मूळ मानले आहे.

काळी दारू

धुरविरहित दारूऐवजी काळ्या दारूची किंवा तिच्या पर्यायाची काडतुसे वापरणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. वारा पडलेल्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर स्पर्धकाला स्वतःची लक्ष्ये दिसेनाशी होतात आणि उरलेल्या गोळ्या आठवणीने झाडाव्या लागतात. निरीक्षकांचीही तीच गत होते, तेव्हा कानांवरच भिस्त असते.

.४४-४० हे काडतूस मुळात काळ्या दारूसाठी का निवडले गेले, हे या वर्गातच कळते. त्याच्या पुंगळीची भिंत पातळ असून तोंडाशी ती किंचित निमुळती आहे. बाराच्या दाबाने ती फुगून चेंबरला चिकटते आणि काजळी मागे येऊ देत नाही. .४५ कोल्टची भिंत जाड व सरळ असल्याने कमी दाबाच्या बारात काजळी मागे येऊन उचलठोकळा जखडतो. म्हणजे इतिहासात जी जोडी अस्तित्वातच नव्हती, ती इतिहासातील दारू वापरताच अडचणीची ठरते. या दारूची काजळी पाणी शोषून पोलाद गंजवते. सामना संपल्यावर त्याच दिवशी बंदूक गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे अनिवार्य असते.

धोके

तरफेच्या कार्बाइनमध्ये काडतुसे एकामागोमाग एक असतात. प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते. टोकदार गोळी वापरल्यास धक्क्याने प्रायमर पेटू शकतो, म्हणून चपट्या नाकाचीच गोळी वापरतात. हेन्रीत हा धोका आणखी एका कारणाने वाढतो: भरताना ताणलेला दट्ट्या हातून निसटून काडतुसांवर आदळला, तर नळीतच स्फोट होऊ शकतो. तो बोटाने आवरत हळूहळू सोडणे, किंवा बंदूक तिरकी धरून भरणे, हा भरणमेजावरचा पहिला धडा आहे.

१८७३ मध्ये तरफ पूर्ण मिटून दस्त्याला टेकल्याशिवाय चाप ओढता येऊ नये यासाठी एक छोटा अडसर असतो. वेगासाठी तो काढून किंवा कमकुवत करून टाकल्यास बोल्ट अर्धवट मिटलेला असताना घोडा पडण्याची शक्यता निर्माण होते. अशा बारात पुंगळी आधाराविना फुटते, आणि उष्ण वायू व पितळेचे तुकडे नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येतात. .४५ कोल्टच्या प्रशस्त पुंगळीत धुरविरहित दारूची अल्प मात्रा तळाशी दिसेनाशी होते, त्यामुळे घरी भरताना चुकून दुप्पट मात्रा पडल्याचे लक्षात येत नाही. हीदेखील अपघाताची ज्ञात वाट आहे. मैदानावर स्पर्धक, पंच आणि प्रेक्षक या सर्वांना चष्मा सक्तीचा असतो.

घोड्यावरील नेमबाजी

कार्बाइन ज्या कामासाठी जन्मली ते काम 'काउबॉय माउंटेड शूटिंग' या भगिनी प्रकारात पाहायला मिळते. १९९० च्या दशकात संघटित झालेल्या या प्रकारात धावत्या घोड्यावरून खांबांवर बांधलेले फुगे फोडायचे असतात. काडतुसात गोळी नसते. जळत्या काळ्या दारूच्या ठिणग्यांनीच फुगा फुटतो. मुख्य वर्ग रिव्हॉल्वरचा असला, तरी रायफल आणि कार्बाइनचा स्वतंत्र वर्ग आहे. लगाम आणि तरफ एकाच वेळी सांभाळताना २० इंची नळी का हवी होती, हे प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र पुरातन समजले जाते आणि बहुतेक संघीय निर्बंधांतून मुक्त असते. प्रतिकृतीला ही सवलत सरसकट मिळत नाही: सहज मिळणाऱ्या कडाघाती किंवा मध्याघाती काडतुसावर चालणारी प्रतिकृती कायद्याच्या दृष्टीने साधी आधुनिक बंदूक ठरते. म्हणजे १८९० ची खरी विंचेस्टर आणि तिची हुबेहूब इटालियन प्रतिकृती शेजारी ठेवली, तर कायद्याला त्या दोन निराळ्या वस्तू दिसतात. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड नसावी अशीही अट आहे. त्यामुळे शिकाऱ्यांसाठी बनलेल्या १४ व १५ इंची मूळ कार्बाइनींच्या प्रतिकृती बहुधा १६ इंचीच येतात.

ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने मध्याघाती अर्धस्वयंचलित आणि पंपाच्या रायफलींवर बंदी आली, पण तरफेच्या रायफलींना परवान्याखाली मुभा राहिली. १९९७ मध्ये पिस्तुले व रिव्हॉल्वर जवळपास पूर्णतः बंद झाल्यावर तेथील पिस्तूल नेमबाजांपैकी अनेक जण पिस्तुलाच्याच काडतुसांच्या तरफेच्या कार्बाइनकडे वळले. काउबॉय पोशाखाशी संबंध नसलेल्या सामन्यांतही ती तेथे रूढ झाली आहे. कॅनडात २०२२ मध्ये हातशस्त्रांच्या विक्री व हस्तांतरणावर आलेल्या स्थगितीतून काउबॉय नेमबाजीला सूट मिळालेली नाही. नव्या स्पर्धकाला कार्बाइन घेता येते, पण तिच्या जोडीची दोन रिव्हॉल्वर घेता येत नाहीत.

भारतात शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९ नुसार सामान्य परवानाधारकास जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. मान्यताप्राप्त नेमबाजांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. काउबॉय नेमबाजीच्या मुख्य सामन्याला एका स्पर्धकामागे चार शस्त्रे लागतात.